गुडघ्याच्या अस्थिबंधांची सोनोग्राफी : उपयोग आणि मर्यादा
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षभराचा जमाखर्च आणि सर्व विभागांची आकडेवारी या अहवालात अन्यत्र दिली आहेच. तिची पुनरुक्ती न करता आज एकाच विषयावर बोलावे असे आम्ही ठरविले आहे. तो म्हणजे गुडघ्याच्या दुखापतीत सोनोग्राफीचा उपयोग. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर; त्यामुळे यातील वैद्यकीय भाग आमच्या अस्थिरोग व क्ष-किरण विभागांतील डॉक्टरांकडून समजून घेतलेला आहे.

सोनोग्राफी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गरोदर माता येते. परंतु सांध्यांशी या तंत्राचे नाते जुने आहे. १९७२ साली मॅक्डोनाल्ड आणि लिओपोल्ड या डॉक्टरद्वयाने गुडघ्यामागची पाण्याची गाठ आणि शिरेतील रक्ताची गुठळी यांतील फरक सोनोग्राफीने ओळखता येतो, हे दाखवून दिले. पोटासाठीचा प्रोब खोलवर पाहतो, पण बारकावे टिपत नाही. सांध्यासाठी अधिक कंप्रतेच्या ध्वनिलहरींचा सपाट प्रोब लागतो. तो त्वचेलगतचे तंतू स्पष्ट दाखवितो. मात्र त्याची नजर खोल जात नाही. त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी यातच आल्या.

गुडघ्यात मांडीचे आणि नडगीचे हाड एकत्र धरून ठेवणारे चार प्रमुख अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, असतात. आतील व बाहेरील बाजूंचे दोन त्वचेखालीच असल्याने सोनोग्राफीत चांगले दिसतात. वाटीच्या वरचा व खालचा कंडरा, सांध्यात साचलेले पाणी किंवा रक्त हेही दिसते. शिवाय डॉक्टर तपासणी चालू असतानाच पाय हलक्या हाताने बाहेरच्या बाजूस दाबून सांध्याची फट किती उघडते ते पाहू शकतात आणि लगेच दुसऱ्या, निरोगी गुडघ्याशी तुलना करू शकतात. यात किरणोत्सर्ग नाही, खर्च बेताचा आणि रुग्णास परगावी जावे लागत नाही. आतील बाजूच्या अस्थिबंधाची एकटी दुखापत बहुधा शस्त्रक्रियेविना, पट्टा व व्यायाम यांनी बरी होते. अशा रुग्णास महागड्या तपासणीपासून वाचविता येते, ही आमच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

उरलेले दोन अस्थिबंध मात्र सांध्याच्या गाभ्यात एकमेकांना छेद देऊन बसलेले आहेत. ध्वनिलहरी हाडापलीकडे जात नाहीत. त्यामुळे पुढचा क्रुसिएट अस्थिबंध, ज्याला खेळाडू ‘एसीएल’ म्हणतात, सोनोग्राफीत खात्रीने दिसत नाही. सांध्यातील गाद्यांचाही थोडाच भाग दिसतो. या दुखापतींचे चित्र हवे असेल तर एमआरआयला पर्याय नाही. त्यातही प्रोब जरासा तिरपा पडला तर धडधाकट तंतूही काळे, तुटल्यासारखे दिसतात. म्हणून यंत्राइतकेच महत्त्व प्रोब धरणाऱ्या प्रशिक्षित हाताला आहे.

हे सारे आम्हास एका चुकीतून शिकावे लागले. ती येथे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी कबड्डी खेळणारी एक शाळकरी मुलगी आमच्याकडे आली. पकडीतून सुटताना तिचा गुडघा पिळवटला होता आणि काही तासांतच तो सुजला होता. सोनोग्राफी झाली. अहवालात लिहिले गेले, ‘अस्थिबंध अखंड’. पाहिले गेले होते ते बाजूंचे दोन. वाचणाऱ्याने मात्र चारही समजले. सूज ओसरल्यावर ती पुन्हा मैदानात उतरली. गुडघा वारंवार निसटू लागला. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी एमआरआय केला, तेव्हा एसीएल तुटलेला आढळला आणि दरम्यानच्या काळात आतील गादीही फाटलेली होती. तिचे वडील आमच्या कार्यालयात आले. ते रागावले नाहीत. अहवालाचा कागद टेबलावर ठेवून एवढेच म्हणाले, “साहेब, यावर तर सगळं ठीक लिहिलं होतं.” त्या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

हिशेबाच्या क्षेत्रात आम्ही उमेदवारी केली, तेव्हा पहिला धडा मिळाला होता तो असा, की वहीत देणे नोंदलेले नाही म्हणजे देणे नाहीच, असे समजू नये. तोच धडा रुग्णाच्या कागदावर आम्ही विसरलो होतो.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. पहिली, गुडघ्याच्या दुखापतीत अस्थिरोगतज्ज्ञ आधी हाताने तपासतात. १९७६ साली वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध झालेली लॅकमन चाचणी आजही एसीएलसाठी अत्यंत भरवशाची मानली जाते. तिला यंत्र लागत नाही. दुसरी, सोनोग्राफीच्या अहवालात काय पाहिले आणि काय पाहता येत नाही, या दोन्ही गोष्टी मराठीत लिहून दिल्या जातात. तिसरी, गुडघा निसटत असेल किंवा इजेनंतर लगेच सुजला असेल, तर सोनोग्राफी निर्दोष असली तरी रुग्णास एमआरआयसाठी पाठविले जाते.

येथेच आपल्या सहकार्याचा प्रश्न येतो. यंत्रासाठी देणगी देऊ इच्छिणारे अनेक सद्गृहस्थ भेटतात. त्यांच्याविषयी आम्हास आदरच आहे. परंतु सोनोग्राफी यंत्र केवळ गुडघ्यासाठी घेतले, तरी १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यान्वये आमच्या केंद्राच्या नोंदणीत त्याची नोंद करावी लागते आणि ते चालविण्यास पात्र डॉक्टर लागतो. हाताशी असलेले यंत्र आज पुरेसे आहे. अपुरी पडते ती पुढची पायरी. ‘एमआरआय करा’ असे कागदावर लिहिल्यानंतर तपासणीचे शुल्क, एस.टी.चे भाडे आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज यांपायी कित्येक रुग्ण तो कागद घडी घालून घरी नेतात. म्हणून गरजू रुग्णांसाठी एमआरआय सहाय्य निधी उभारावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे नम्रपणे ठेवीत आहोत. या निधीतून भिंतीवर संगमरवरी पाटी लागणार नाही, याची आम्हास जाणीव आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही एक विनंती. अहवाल हाती आल्यावर ‘सगळं ठीक आहे ना?’ एवढेच न विचारता ‘यात काय दिसत नाही?’ हेही अवश्य विचारावे. तो आपला हक्क आहे आणि उत्तर देणे आमचे काम.

ती मुलगी शस्त्रक्रियेनंतर आमच्याच भौतिकोपचार विभागात व्यायामासाठी येत असे. कबड्डी मात्र तिने सोडली. आपल्या सहकार्याने पुढच्या मुलीवर ती वेळ येऊ नये, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.