ओतलेला अंक आणि ठोकलेला अंक
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. यंदा आमच्यासारख्या ग्रीसने हात काळे करणाऱ्या डिप्लोमावाल्यांना बोलावलेत, त्याबद्दल आभार.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा इथल्या आपल्या काही वाड्यांत आजोबांची मोटार अजून ताडपत्रीखाली उभी आहे. ५० वर्षांपुढच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करण्याचे नियम २०२१ साली आले. त्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. तेव्हापासून लोक आम्हाला विचारतात, "इंजिन मूळचेच आहे का?"

असेच आम्ही एका घरी १९५१ ची शेव्हरोले पाहायला गेलो. आरसी बुकातला इंजिन नंबर इंजिनावरच्या ठोकलेल्या नंबराशी जुळत नव्हता. घरच्यांचा जुना समज असा की, गाडी सांभाळणाऱ्या मिस्त्रीनेच इंजिन बदलून विकले. त्या घराशी येणे-जाणे बंद झाले होते.

इंजिनावर दोन तऱ्हेचे अंक असतात. ब्लॉक वाळूच्या साच्यात ओततात, तेव्हा साच्यातलाच नंबर उठावदार उमटतो. हा ओतीव नंबर त्या जातीच्या हजारो ब्लॉकवर एकच असतो, जसे आडनाव. दुसरा नंबर तयार इंजिनावर पंचने ठोकतात. तो त्या एकाच इंजिनाचा. शेव्हरोलेच्या त्या सहा सिलिंडरी इंजिनात तो उजव्या अंगाला, डिस्ट्रिब्यूटरच्या मागे, सपाट जागेवर सापडतो. शिवाय ओतकामाची तारीखही असते: जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी, असे डिसेंबरच्या एलपर्यंत, मग दिवस आणि सालाचा शेवटचा आकडा. 'सी १४ १' म्हणजे १४ मार्च. पण साल १९४१ की १९५१, हे ओतीव नंबरावरून ठरवावे लागते. ओतकाम गाडीच्या आधीचे हवे. नंतरचे निघाले, तर ब्लॉक बदललेला.

आम्ही रॉकेलने भिजवलेल्या चिंधीने मळ काढला, उठावावर खडू फिरवला, बॅटरीचा उजेड तिरपा धरला. बुकातला सात आकडी नंबर हुबेहूब दिसला, पण ओतीव! कुणा कारकुनाने आडनावच नाव म्हणून लिहिले होते. ओतकामाची तारीखही गाडी तयार होण्याच्या थोडी आधीची. ठोकलेल्या नंबराखालची जागा खरवडलेली नव्हती. मिस्त्रीवर आळ घ्यायला काही आधारच उरला नाही.

म्हणून विनंती अशी की, नंबर दिसावा म्हणून ग्राइंडर लावू नका. एकदा खरवडले की पुरावा गेला. कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या, फोटो काढा. चेसिस नंबर वेगळा दिसला म्हणून घाबरू नका. फोर्ड मॉडेल ए मध्ये इंजिनाचाच नंबर चेसिसवर ठोकत; त्या काळच्या शेव्हरोलेत दोन्ही नंबर वेगळेच असत. बुकातली चूक स्वतः खोडू नका. छाप जोडून दुरुस्तीचा अर्ज करा.

मिस्त्री आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाला मात्र त्या घरून यंदा आरतीचे बोलावणे गेले आहे.

गणपती बाप्पा मोरया!