कॅशलेस नाकारलं, पुढे काय?



रुग्णालयाच्या काउंटरवर ‘पूर्वमंजुरी मिळाली नाही’ असं ऐकलं, की घरच्यांचा धीर सुटतो. मुदत ठेव मोडून बिल भरलं जातं, आणि विमा गेलाच असं समजून पुष्कळजण फाइल कपाटात ठेवून देतात. तिथेच नुकसान होतं.

पूर्वमंजुरी लागते ती कॅशलेस सोयीसाठी. अर्ज आल्यावर कंपनीने तासाभरात निर्णय द्यावा, असं आयआरडीएआयचं २०२४चं परिपत्रक सांगतं. मंजुरी मिळाली नाही, तरी बिल भरून पॉलिसीत बसणारा खर्च नंतर मागता येतो. म्हणून नकाराचं कारण लेखी घ्या. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, पावत्या, तपासण्यांचे रिपोर्ट, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जपा. सगळ्यांच्या झेरॉक्स काढा आणि पॉलिसीत लिहिलेल्या मुदतीत दावा दाखल करा.

तोही फेटाळला, तर पॉलिसीच्या कोणत्या अटीवरून, ते कंपनीने सांगायलाच हवं. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षभराच्या आत जायला हवं.

हप्ते आपण वेळेवर भरतो. कागदही तसेच वेळेवर पोचवा.