आधी पट्टी, मग निदान



ग्वाल्हेरात मराठीतून बोलायला निमित्त लागत नाही. याच शहरात १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि कुसुमावती देशपांडे त्याच्या अध्यक्ष झाल्या. त्या मानाच्या जागी बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. आज या सभागृहात मुली मोठ्या संख्येने आल्या आहेत, म्हणून ही आठवण आधी सांगितली.

काल संध्याकाळपासून विद्यार्थी मला भेटत आहेत आणि बहुतेकांचे प्रश्न तेच आहेत. नोकरी लागते का? परदेशी जाता येते का? या प्रश्नांची उत्तरे मी देणार आहे, कारण त्यांच्यामागे आईवडिलांनी काढलेले कर्ज असते. पण आपले, म्हणजे हृदय आणि श्वसन तंत्रज्ञांचे, काम नेमके काय आहे, हे आधी बोलल्याशिवाय ती उत्तरे नीट लागत नाहीत.

छातीत दुखते म्हणून माणूस दवाखान्यात आला, तर दहा मिनिटांच्या आत त्याचा ईसीजी निघायला हवा, असा जगभर मानलेला दंडक आहे. ईसीजीची ती पट्टी डॉक्टर वाचतात, काढतो आपण. छातीवरचे पहिले दोन इलेक्ट्रोड बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत लागले पाहिजेत. ती फट बोटांनी मोजत खाली यावे लागते. घाईत न मोजता ते दुसऱ्या फटीत लागले, तर पट्टीवर कधी न आलेल्या झटक्याची खूण दिसू शकते. उजव्या-डाव्या हाताच्या वायरी अदलाबदल झाल्या तर पहिली लीड उलटी पडते. बाईमाणसाची पट्टी काढताना पडदा नसेल, ती संकोचली असेल, आणि तंत्रज्ञही संकोचला असेल, तर इलेक्ट्रोड जिथे सोयीचे तिथे चिकटतात. म्हणजे साधा पडदा आणि दोन धीराचे शब्द हादेखील निदानाचाच भाग आहे. आइन्टहोव्हेन यांना हृदयाचा विद्युत्-आलेख काढण्याच्या शोधाबद्दल १९२४ साली नोबेल मिळाले, त्याला शंभर वर्षे उलटली. यंत्र खोलीभर होते ते तळहाताएवढे झाले, पण चौथी फट अजून बोटांनीच शोधावी लागते.

फुप्फुसांच्या तपासणीत तर तंत्रज्ञाचा वाटा याहून मोठा. जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली लंडनमध्ये दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजून स्पायरोमीटर जगापुढे मांडला. आजही ही तपासणी रुग्णाच्या जोरावर चालते. त्याने पूर्ण श्वास भरायचा, आणि मग सगळी ताकद पणाला लावून तो एका दमात बाहेर टाकायचा. किमान तीन फुंकरी चांगल्या हव्यात, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन फुंकरींत दीडशे मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. यंत्र रोज तीन लिटरच्या सिरिंजने तपासून घ्यायचे. नियम एवढेच आहेत, पण मुरैन्याच्या खेड्यातल्या सत्तरीच्या आजोबांकडून अशी फुंकर काढून घेणे ही कला आहे. त्यांना त्यांच्या बोलीत समजावायचे, स्वतः करून दाखवायचे, “जोर से, और, और, और” म्हणत त्यांच्याबरोबर आपलाही दम लावायचा. फुंकर अर्धवट राहिली की अहवालात फुप्फुसे आकसल्याचा भास होतो, आणि मग नसलेल्या आजाराच्या औषधांचा खर्च त्या घराच्या माथी बसतो.

श्वासाची गोष्ट ग्वाल्हेरात काढली, तर गायक हस्सू खाँ यांचे नाव घ्यावेच लागते. ग्वाल्हेर घराण्यात अशी कथा सांगतात, की बडे महंमद खाँ यांच्या आग्रहावरून हस्सू खाँ यांनी ‘कडक बिजली’ची तान पुन्हा घेतली, त्या जोराने बरगडीला इजा झाली, तोंडातून रक्त आले आणि त्यातच ते गेले. कथेत इतिहास किती आणि आख्यायिका किती, हे संगीताचे अभ्यासक सांगतील. मला तिच्यात एवढेच दिसते, की या गावाला दमसासाची किंमत फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आणि त्याच गावाचा श्वास आज कोंडतो आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली शहरांच्या हवेची जी आकडेवारी प्रसिद्ध केली, तिच्यात सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत ग्वाल्हेर जगात दुसऱ्या क्रमांकावर होते. घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. भोवतालच्या पट्ट्यात वालुकाश्माच्या खाणी आहेत, आणि दगडाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस होतो. शिवपुरी आणि श्योपूरच्या सहरिया आदिवासींमध्ये क्षयाचे प्रमाण फार मोठे असल्याचे आयसीएमआरच्या संशोधकांनी वारंवार नोंदवले आहे. क्षय बरा होतो, औषधे संपतात, कार्ड बंद होते, पण जंतू गेले तरी फुप्फुसाचा खराब झालेला भाग तसाच राहतो. बरा झालेला तो माणूस चढावर का धापा टाकतो, हे स्पायरोमेट्रीशिवाय कळत नाही.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे, की काम भरपूर आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी २०१२ साली तयार झालेल्या अहवालात देशात सर्व प्रकारच्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांची तूट ६४ लाखांच्या घरात धरली होती. आपली शाखा त्यातला एक भाग आहे, पण तोही लहान नाही. ईसीजी, टीएमटी, हॉल्टर, इको, कॅथ लॅब, पेसमेकरचे प्रोग्रॅमिंग, पीएफटी म्हणजे फुप्फुस-तपासणी, स्लीप स्टडी, अतिदक्षता विभागातले व्हेंटिलेटर, शस्त्रक्रियेतले हृदय-फुप्फुस यंत्र, एवढी दारे एका शिक्षणातून उघडतात. गोव्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठी २०१८ साली सुरू झालेल्या स्टेमी प्रकल्पात छोट्या आरोग्य केंद्रांतला ईसीजी लगेच तज्ज्ञांकडे जातो आणि गुठळी विरघळवणारे औषध तिथेच देता येते. संगणकाने आपली नोकरी जाईल, अशी भीती काही जण घालतात. मला उलटे दिसते. पट्टी दूरवर पाठवायची सोय झाली, म्हणून ती नीट काढणारा माणूस आता प्रत्येक तालुक्याला हवा आहे.

मग अडचण कुठे आहे? ती आहे शिक्षणाच्या जागेत. मला आज एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. ज्या महाविद्यालयाला स्वतःचे चालते रुग्णालय नाही, तिथे आमचा अभ्यासक्रम चालूच नये.

२०२१ साली संसदेने राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात हृदयवाहिनी तंत्रज्ञ, परफ्युजनिस्ट, श्वसन तंत्रज्ञ, ईसीजी आणि इको तंत्रज्ञ यांची नावे आहेत. इतकी वर्षे आम्हाला सगळ्यांना मिळून ‘पॅरामेडिकल’ एवढेच म्हणत. सहयोगी आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २००० तासांचे, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी पदवी आणि किमान ३६०० तासांचे शिक्षण या कायद्याने घातले आहे. हे पाऊल मोठे आहे आणि त्यासाठी झगडलेल्या सर्वांचे मी मनापासून आभार मानते. पण तास वहीतही भरता येतात. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग महाविद्यालयांचे काय झाले ते आपण पाहिले आहे. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, सीबीआयला तपासणी करावी लागली, आणि कित्येक ठिकाणी धड इमारत नाही, शिक्षक नाहीत, खाटा नाहीत असे निघाले. ज्या मुलींनी तिथे फी भरली, वर्षे घातली, त्यांच्या परीक्षा रखडल्या. आपल्या शाखेत तेच होऊ द्यायचे नसेल, तर आजच बोलले पाहिजे.

माझ्या पाहण्यात असे पदवीधर आले आहेत, ज्यांना आइन्टहोव्हेनचा त्रिकोण काढता येतो, पण कॅथ लॅबमध्ये प्रेशर ट्रान्सड्यूसर रुग्णाच्या छातीच्या मध्यरेषेच्या पातळीला आणून शून्य करायचा हे कुणी दाखवलेले नसते. ती पातळी दहा सेंटिमीटरने चुकली की दाबाचा आकडा सात-आठ मिलिमीटरने चुकतो. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतल्या दाबात एवढा फरक म्हणजे निर्णयच बदलतो. हा दोष त्या मुलाचा नाही. त्याला कॅथ लॅब दारातून दाखवली, आत उभे केले नाही. पोहायला विहिरीतच उतरावे लागते, तसे हे शिक्षण रुग्णाच्या खाटेजवळच होते.

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे. प्रवेश घेण्याआधी कॉलेजची रंगीत पुस्तिका बाजूला ठेवा आणि रुग्णालयात जाऊन विचारा. इथे रोज किती ईसीजी निघतात? कॅथ लॅब आहे का, आणि ती विद्यार्थ्यांना खुली आहे का? पीएफटीचे यंत्र चालू आहे की झाकून ठेवले आहे? शिकवणारा तंत्रज्ञ पूर्णवेळ आहे का? कॅथ लॅबमध्ये जाणाऱ्या विद्यार्थ्याला लेड ॲप्रन आणि किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज मिळतो का? आणि या पदवीची नोंदणी नव्या कायद्याखालच्या परिषदेत होईल का, हे लेखी मागा. उत्तर देताना कुणी चिडले, तर दुसरे कॉलेज बघा. देशात चांगल्या जागा आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेने, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने, मणिपालने हे शिक्षण रुग्णालयाच्या आत उभे केले.

ग्वाल्हेरला ते करायला काय कमी आहे? शिंदे सरकारांच्या काळात उभे राहिलेले जयारोग्य रुग्णालय आहे, त्याला लागून १९४६ सालचे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे, सुपरस्पेशालिटी रुग्णालयही झाले. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी, श्योपूर इथून, शिवाय धौलपूर-झाशीकडूनही रुग्ण इथेच येतात. शिकायला लागते ती गर्दी आहे. हृदय आणि श्वसन तंत्रज्ञानाची भक्कम पदवी, मोजक्या जागांची, या आवारात चालावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एमबीबीएसची हिंदी पुस्तके या राज्याने २०२२ साली काढली. तंत्रज्ञांच्या पुस्तकांचा विचारही त्याच आस्थेने व्हावा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेतल्या मराठी मुलामुलींसाठी मराठीतही अशी पुस्तके हवीत, आणि ती लिहिण्याची जबाबदारी आपली, इथे जमलेल्यांची आहे.

परदेशाबद्दल थोडक्यात सांगते. आखाती देशांत परवान्याची परीक्षा असते, पदवीची मूळ संस्थेकडे पडताळणी होते आणि अनुभव मागतात. तेव्हा कागदोपत्री महाविद्यालयाची पदवी तिथे पहिल्याच फेरीत अडकते. ब्रिटनमध्ये कार्डियाक फिजिओलॉजिस्ट हा मानाचा पेशा आहे, तिथे इको बहुतांशी तंत्रज्ञच करतात. अमेरिकेत श्वसनोपचाराचे काम करायचे, तर साधारणपणे तिथल्याच मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून जावे लागते. हा खर्च आणि ही वर्षे आधी हिशेबात धरा. एजंटच्या तोंडच्या पगारावर जमीन विकू नका.

आता ज्या गोष्टीने मला अनेक वर्षे छळले आहे ती. नोकरी लागते, पण पुढे वर जायला पायरी नसते. वीस वर्षे कॅथ लॅब सांभाळणारा माणूस ‘टेक्निशियन’ म्हणून लागतो आणि त्याच पदावर निवृत्त होतो. व्हिव्हियन थॉमस यांचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे. कॉलेजसाठी साठवलेले पैसे महामंदीत बुडाले, म्हणून हा कृष्णवर्णीय तरुण सर्जन डॉ. ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत कामाला लागला. निळ्या पडलेल्या बाळांवरची शस्त्रक्रिया त्याने प्राण्यांवर करून बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी जॉन्स हॉपकिन्समध्ये ती पहिल्यांदा बाळावर झाली, तेव्हा तो सर्जनच्या मागे स्टुलावर उभा राहून टाका कुठे कसा घ्यायचा ते सांगत होता. शस्त्रक्रियेला नाव मिळाले ते डॉक्टरांचे. त्याला मानद डॉक्टरेट मिळाली १९७६ साली. आपल्याकडे १९६८च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. त्या खोलीत यंत्रांपाशी कोण उभे होते, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

नावाची हौस म्हणून मी हे म्हणत नाही. पायरी नसली की चांगली माणसे पाच-सहा वर्षांत कंपन्यांकडे किंवा परदेशात जातात, आणि नव्या मुलांना शिकवायला कुणी उरत नाही. तंत्रज्ञ, वरिष्ठ तंत्रज्ञ, तंत्रज्ञान-अधिकारी, अध्यापक अशी चार पदे तरी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात मंजूर व्हावीत, आणि अध्यापकाच्या पदावर आमच्याच शाखेचा माणूस नेमावा.

दुपारच्या सत्रात जो ठराव यायचा आहे, त्यात या मागणीबरोबर आणखी एक वाक्य घालावे अशी माझी सूचना आहे. श्योपूर, शिवपुरी, मुरैना आणि भिंड या चार जिल्हा रुग्णालयांत स्पायरोमेट्रीचे यंत्र आणि ते चालवणारा नोंदणीकृत तंत्रज्ञ, दोन्ही एकाच आदेशाने मंजूर व्हावेत. यंत्र आधी आणि माणूस नंतर, असे झाले की यंत्राची वॉरंटी कपाटातच संपते. क्षयाचे उपचार पूर्ण केलेल्या प्रत्येक रुग्णाची फुप्फुस-तपासणी त्या ठिकाणी व्हावी, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांनी तिथे पाळीपाळीने काम करावे. मसुदा समितीने हे वाक्य जेवणाच्या सुट्टीपूर्वी माझ्याकडून लिहून घ्यावे, ही विनंती.