पत्र्यावरचं पाणी आणि परसबागेचा हिशोब

मेहकर तालुक्यातल्या डोणगावहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

गेल्या ज्येष्ठात आमच्या बैठकीत पाच जणींनी एकदम कर्ज मागितलं. पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवायला दोन हजार लिटरची टाकी घ्यायची, त्यावर परसबाग फुलवायची. नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हणावं, तर पैसा सगळ्यांच्या बचतीचा. म्हणून आधी वही उघडली.

एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. वीस बाय पंधरा फुटांचं छप्पर म्हणजे साधारण २८ चौरस मीटर. दहा मिलिमीटरची सर आली, तर सांडलवंड सोडून सव्वादोनशे लिटर हाती लागतं. म्हणजे २०० लिटरचा ड्रम एका सरीत भरतो! आपल्या जिल्ह्यात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस होतो, पण बहुतेक चार महिन्यांतच.

आता खर्चाची बाजू. दहा बाय दहा फुटांच्या बागेला उघडीप असताना रोज ४० लिटर धरा. ड्रम पाच दिवस पुरतो, टाकी पन्नास दिवस. दसऱ्याला भरलेली टाकी मार्गशीर्ष लागताच कोरडी. उन्हाळ्यात बाग तहानलेलीच. टाकी, चौथरा, पाइप मिळून पंधरा हजार, आणि महिना दोन टक्क्यांनी पहिल्याच महिन्याचं व्याज तीनशे रुपये. एवढ्याची भाजी त्या बागेतून निघते का?

ड्रम, पन्हाळ, तोटी आणि जाळी मात्र दीड हजारात बसली. श्रावणात आठ-दहा दिवस पाऊस दडी मारतो, तेव्हा वांग्या-मिरचीची रोपं माना टाकतात. एक दिवसाआड पाणी दिलं की ड्रम तेवढे दिवस काढतो. पुन्हा सर आली की पुन्हा भरतो. चौघींना हे पटलं.

पाचवी मात्र रागावली. म्हणाली, "तुमच्या अंगणात नळ आहे. मला हापशीवरून गुंड वाहावा लागतो. माझ्या मानेचा हिशोब तुमच्या वहीत कुठे आहे?"

आम्ही गप्प झालो. पंधरा लिटरचा गुंड धरला, तर एक भरलेली टाकी म्हणजे एकशे तेहतीस गुंड. हे आम्ही मांडलंच नव्हतं. तिला कर्ज दिलं. हप्ता लहान ठेवला.

म्हणून आमचं सांगणं एवढंच: पाणी दारात असेल तर ड्रम पुरे, कर्ज काढू नका. पाणी लांब असेल तर रुपयांसोबत खेपाही मोजा, मग ठरवा.

आणि चार गोष्टी ध्यानात ठेवा. औषधाचा जुना ड्रम कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, त्यात पत्र्यावरची घाण असते. तोंडाला जाळी घट्ट बांधा, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. हे पाणी बागेचं, पिण्याचं नाही.

दिवाळीनंतर भांडी विसळलेलं पाणी आळ्यात सोडा आणि बुडाशी सोयाबीनचं कुटार पसरा. ओल टिकते, आणि याला तर पैसाही लागत नाही. आमचा सांबार आणि पालक त्यावरच निघाला.

तुमच्या गटातही एकदा वही उघडा. पण मान दुखणारीला आधी बोलू द्या.