शब्द ध्यानात कसे राहतील?
(मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आम्ही केवळ मॅट्रिक झालेले एक निवृत्त शिक्षक. विद्वत्तेचा अधिकार आम्हांस नाही. परंतु मुलांत आयुष्य गेल्याने जो अनुभव आला व जी चूक घडली, ती आपणांपुढे मांडण्याची अनुज्ञा असावी.

इंग्रजीचा नवा शब्द दहा वेळा लिहून आणावा, असा आमचा दंडक असे. एका विद्यार्थ्याची वही मोत्यांसारख्या अक्षरांनी भरलेली असे. पण पंधरवड्याने विचारता त्यास एकही शब्द आठवत नसे. आम्ही त्यास भर वर्गात ‘मठ्ठ’ म्हटले. पुढे इंग्रजीच्या धास्तीने त्याने शाळाच सोडली. दोष त्याच्या बुद्धीचा नसून आमच्या पद्धतीचा होता, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून स्मरणशक्तीची परीक्षा पाहिली व १८८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिकलेले प्रथम झपाट्याने, नंतर सावकाश विसरते. आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, असे त्यांस आढळले. यास्तव पुढील उपाय करावा.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंची लहान पत्रे कापावीत. एका बाजूस मराठी अर्थ, दुसऱ्या बाजूस इंग्रजी शब्द, त्याचा देवनागरीत उच्चार व घरगुती प्रसंगाचे एक वाक्य लिहावे. अर्थ वाचून शब्द आधी आठवावा, मगच पत्र उलटावे. पेटीत तीन कप्पे करावेत: पहिला रोज, दुसरा दर तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने पाहावा. शब्द आठवला तर पत्र पुढच्या कप्प्यात जाईल. चुकला तर पहिल्यात परत येईल.

दुसरे असे की, शब्दांनाही कुळे असतात. आपल्या पूर्वजांनी अमरकोश पाठ केला, त्यात समानार्थी शब्द एकत्र गुंफलेले आहेत. ‘कृ’ या एका धातूपासून कृती, कर्ता, कार्य, कर्तव्य हे शब्द झाले. तद्वत् ‘वाहून नेणे’ या अर्थाच्या एका लॅटिन धातूपासून पोर्टर, इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट हे इंग्रजी शब्द आले. एक ओळखीचा झाला की बाकीचे आपोआप परिचयाचे होतात.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. अनेक माता म्हणतात, “गुरुजी, आम्हांला इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार?” भगिनींनो, पत्रावर अर्थ मराठीत आहे, उच्चारही देवनागरीत आहे. भाकरी भाजता भाजता आपण अर्थ विचारावा, मुलाने शब्द सांगावा. त्यास शिकवणीचे शुल्क लागत नाही. मात्र चुकल्यास ‘मठ्ठ’ म्हणू नये, पत्र पहिल्या कप्प्यात ठेवावे. आमच्या हातून जे घडले, ते आपल्या घरी न घडो, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.