खेळाडूंचा खुराक आणि उत्तेजक द्रव्ये
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आरोग्य, पाककला किंवा बालसंगोपन असा विषय घ्यावा, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. माझा आजचा विषय या तिन्हींत बसतो. फक्त त्याचे नाव थोडे परके आहे. खेळाडू घेतात ती उत्तेजक द्रव्ये आणि त्यांची तपासणी, हा तो विषय. "हे पैलवानांचे काम, बायकांच्या सभेत कशाला?" असे काही जणींच्या मनात आले असेल. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, तालमीत घाम मुलाचा गळतो, पण दुधाचा तांब्या आपल्या हातून जातो. शिवाय आता आपल्या मुलीही मैदानावर उतरल्या आहेत.

कुस्तीचे वेड आपल्या भागाला नवे नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ब्राँझपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लोकांनी वर्गणी काढून त्यांना पाठवले होते. त्या काळी ऑलिंपिकमध्ये उत्तेजकांची चाचणीच नव्हती. पुढे १९६७ साली फ्रान्सच्या सायकल-शर्यतीत टॉम सिम्पसन हा इंग्रज खेळाडू भर उन्हात डोंगर चढताना कोसळला व मरण पावला. त्याच्या शरीरात उत्तेजक औषध आणि मद्य सापडले. १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये चाचण्या सुरू झाल्या. १९९९ साली 'वाडा' ही जागतिक संस्था स्थापन झाली, आणि आपल्या देशात २००५ साली 'नाडा'. २०२२ साली संसदेने त्यासाठी कायदाही केला.

आता ही द्रव्ये म्हणजे काय, ते पाहू. पुरुषाच्या शरीरात जे संप्रेरक निसर्गतः तयार होते, त्याच्यासारखी कृत्रिम औषधे कारखान्यात बनतात. त्यांना स्टेरॉईड म्हणतात. त्यांनी स्नायू लवकर भरतात, थकवा लवकर जातो. पण यकृत बिघडते, हृदयावर ताण येतो. वाढत्या वयात घेतली तर हाडांची टोके वेळेआधी मिटून उंची खुंटते. पुरुषाचे पुरुषत्व वाढावे म्हणून घेतलेले औषध त्याचीच बीजशक्ती घटवते. मुलींचा आवाज घोगरा होतो, तोंडावर लव येते, पाळी बिघडते; आणि एकदा फुटलेला आवाज बहुधा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

पूर्व जर्मनीत १९७० नंतर सरकारनेच आपल्या खेळाडूंना अशा गोळ्या दिल्या. त्यांत पोहणाऱ्या कोवळ्या मुली कितीतरी होत्या. त्यांना सांगण्यात येई, या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत. देशाला पदके मिळाली. मुलींना आयुष्यभराची दुखणी मिळाली. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने तेथील क्रीडाप्रमुखाला व मुख्य क्रीडावैद्याला दोषी ठरवले. त्या मुलींच्या आयांना कोणी विचारले होते का? त्यांच्या हातून गोळी गेली नव्हती. पण गोळी कसली आहे, हे विचारण्याचीही सोय नव्हती. आपल्याला ती सोय आहे.

आपल्या महाराष्ट्राला चटका लावून गेलेले उदाहरण नरसिंग यादव यांचे. २०११, २०१२, २०१३ असे सलग तीनदा ते महाराष्ट्र केसरी झाले. २०१५ साली जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवून त्यांनी रिओ ऑलिंपिकमधील ७४ किलो गटाची जागा देशाला मिळवून दिली. २०१६ च्या जूनअखेर सोनीपतच्या शिबिरात त्यांची चाचणी झाली आणि तीत मेथॅंडिएनोन हे स्टेरॉईड निघाले. आपल्या अन्नपाण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते. नाडाच्या समितीने ते मान्य करून १ ऑगस्टला त्यांना मोकळे केले. वाडाने त्यावर क्रीडा लवादाकडे अपील केले. ऐन रिओमध्ये, कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला निकाल लागला: चार वर्षांची बंदी. पहिल्या चाचणीत सापडलेले प्रमाण पाण्यात मिसळलेल्या भुकटीचे नसून एकदोन गोळ्या गिळल्याचे दिसते, असे तज्ज्ञाने सांगितले. आणि कटाचा पुरावा लवादाला पुरेसा वाटला नाही.

खरे काय घडले, याचा वाद आज मी उकरीत नाही. मला आपले लक्ष वेधायचे आहे ते नियमाकडे. शरीरात द्रव्य सापडले, म्हणजे जबाबदारी खेळाडूची. कोणी दिले, कशातून आले, हे त्यानेच सिद्ध करायचे. "मला माहीत नव्हते" एवढ्याने सुटका होत नाही.

असाच अनुभव आपल्या धावपटू मुलींना आला. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत रिले शर्यतीचे सुवर्णपदक आणणाऱ्या चौघींपैकी तिघी, अश्विनी अक्कुंजी, सिनी जोस व मनदीप कौर, २०११ साली आणखी तिघींसह चाचणीत सापडल्या. परदेशी प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून हे आले, असे त्यांनी सांगितले. जिनसेंग म्हणजे एक मुळी, आपल्या अश्वगंधेसारखी मानली जाणारी. डबा औषधी वनस्पतीचा, पण परिणाम दोन वर्षांच्या बंदीचा.

भगिनींनो, शिराळा म्हटले की सारा देश नागपंचमी आठवतो. विषारी कोणता, बिनविषारी कोणता, हे आपल्याकडचे शेंबडे पोरही ओळखते. पण डब्यातल्या भुकटीचे विष डोळ्यांना दिसत नाही, आणि छापील चिठ्ठीवर त्याचे नाव असेलच असेही नाही.

मी औषधाच्या दुकानात बसते, म्हणून हे मला रोज दिसते. भरतीची तयारी करणारी, व्यायामशाळेत जाणारी मुले हळूच येतात आणि कागदावर लिहिलेले नाव पुढे करतात. मेफेंटरमीन नावाचे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब उतरला तर डॉक्टर देतात. राज्यातल्या कित्येक शहरांत ते व्यायामासाठी टोचून घेतल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. त्याने छाती धडधडते, झोप उडते, सवय लागते, मन भ्रमिष्ट होते. मी चिठ्ठीवाचून देत नाही. मुलगा रागावून जातो. तो दुसरीकडे जाईल, हेही मला ठाऊक आहे. एकट्या दुकानदाराच्या नकाराने हे थांबणार नाही. घरातून विचारणा झाली पाहिजे, म्हणूनच आज मी आपल्यापुढे उभी आहे.

२०२३ साली भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले, त्यांत २१४ सदोष निघाले. मोठ्या देशांत हे प्रमाण आपलेच सर्वाधिक. ही मान खाली घालायला लावणारी गोष्ट आहे.

चाचणीविषयी मुलींच्या आयांना धास्ती असते, म्हणून तीही सांगते. लघवीचा नमुना द्यावा लागतो, निदान ९० मिलिलिटर. अदलाबदल होऊ नये म्हणून अधिकाऱ्यासमोर द्यावा लागतो. मुलीबरोबर स्त्री अधिकारीच असते. मुलगी १८ वर्षांखालील असेल तर घरच्या किंवा संघाच्या जाणत्या माणसाला सोबत राहता येते. नमुना 'अ' व 'ब' अशा दोन बाटल्यांत खेळाडूच्या हातानेच बंद होतो. पहिली सदोष निघाली तर दुसरी उघडून पाहण्याची मागणी करता येते. यात अपमान नाही. जिने घरच्या भाकरीवर आणि मेहनतीवर धाव घेतली, तिचे पदक लबाडाच्या हाती जाऊ नये, म्हणून ही कसोटी आहे.

आता घरी करण्यासारख्या चार गोष्टी. एक, मुलाने आणलेला डबा उघडून पाहा. बिलाशिवाय व नाव-पत्त्याशिवाय आलेले काही वापरू देऊ नका. दोन, वजन महिन्यात फार वाढले, चेहऱ्यावर व पाठीवर पुटकुळ्या उठल्या, स्वभाव चिडका झाला, तर शाबासकी देण्याआधी चौकशी करा. तीन, खेळाडू मूल आजारी पडले तर डॉक्टरांना ते खेळते हे आधी सांगा. सर्दीच्या काही औषधांतले स्यूडोएफेड्रिनसुद्धा स्पर्धेच्या काळात ठराविक प्रमाणापुढे चालत नाही. औषध टाळता येण्यासारखे नसेल तर रीतसर परवानगी मागता येते. औषधाचे नाव घालून ते बंदीच्या यादीत आहे का हे पाहण्याची सोय नाडाने फोनवर केली आहे. चार, आणि ही सर्वांत अवघड: मूल हरून आले तर त्याला ताट तसेच प्रेमाने वाढा. "अमक्याचा मुलगा बघ" हे वाक्य ज्या घरात रोज ऐकू येते, त्या घरातले पोर लवकर सुईकडे वळते.

दूध, तूप, बदाम, शेंगदाणे, डाळी, अंडी आणि पुरेशी झोप, हा खुराक सावकाश अंगी लागतो. सावकाश लागलेले अंग टिकते. आपल्या समर्थस्थापित मारुतीपुढे जोर काढणाऱ्या मुलांना हे सांगण्याचा अधिकार आपला आहे, आणि कर्तव्यही आपलेच.