सुट्टी देऊन मिटवलेला हिशेब
(दुकानांत काम करणाऱ्या महिलांच्या मेळाव्यातील भाषण)

मी आज एकाच वाक्याबद्दल बोलणार आहे. "दिवाळीनंतर दोन दिवस सुट्टी घे, झालं!" कापडाच्या दुकानात अकरा वर्षं काम करताना मी हे वाक्य दरवर्षी ऐकलं. शेठ मोठ्या मनाचा, असंच सगळ्याजणी म्हणायच्या.

जरा हिशेब मांडू. समजा तुमची मजुरी तासाला 60 रुपये पडते. दर आठवड्याचे 48 तास भरून वर दिवाळीच्या महिन्यात तुम्ही आणखी 40 तास काउंटरमागे उभ्या राहिलात. जादा कामाला कायद्याने दुप्पट दर आहे, म्हणजे 4,800 रुपये झाले. हातात आले दोन दिवस, म्हणजे 16 तास. साध्या दराने त्यांची किंमत 960 रुपये. उरलेले 3,840 कुणाच्या गल्ल्यात राहिले?

बदली सुट्टी कायद्यात आहेच. पण ती आठवड्याच्या सुट्टीच्या बदल्यात. हक्काच्या सुट्टीला कामावर बोलावलं, तर 2017च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे दोन महिन्यांच्या आत ती द्यावी लागते. जादा तासांचे पैसे हा वेगळा हक्क आहे. मालक दोन्हींची सरमिसळ करतो आणि आपण आभार मानतो!

शिवाय रात्री नऊचा तास आणि मंगळवारची दुपार सारखी कशी? त्या रात्रीच्या तासासाठी शेजारणीला विनवायचं, रिक्षाला पैसे मोजायचे, मुलं न जेवता झोपलेली बघायची. आणि मिळालेली सुट्टी? दळण, साठलेले कपडे, रेशनची रांग. घरातल्या जादा कामाला तर दुप्पट सोडाच, एकपटही दर नाही.

आता एक गंभीर गोष्ट. 1948चा जुना कायदा अगदी छोट्या दुकानालाही लागू होता. 2017च्या कायद्याने तो 10 किंवा अधिक कामगारांच्या दुकानांपुरता ठेवला. 2025मध्ये राज्य सरकारने तो आकडा 20वर नेला, दिवसाचे 9 तास 10 केले आणि तीन महिन्यांतल्या जादा कामाची मर्यादा 125 तासांवरून 144वर नेली. आपल्यापैकी बहुतेकजणी पाच-सात माणसांच्या दुकानांत आहेत. आपल्याला न विचारता आपण या कायद्याच्या बाहेर गेलो.

तरी हात टेकायचं कारण नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत किमान वेतन ठरलेल्या कामगाराला जादा कामाचा किमान दुप्पट दर आहे, आणि तिथे दुकानात माणसं किती ही अट नाही. थकलेल्या पैशांसाठी तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. पैसे दिले, हे मालकाने सिद्ध करायचं असतं.

मात्र आपण किती तास राबलो, हे मालकाच्या मस्टरमध्ये सापडणार नाही. तिथे आठला सही होते आणि मग घड्या घालणं, माल मोजणं सुरू होतं. म्हणून प्रत्येकीने एक वही घाला. तारीख, आल्याची वेळ, निघाल्याची वेळ, सोबत कोण होतं. रोज, त्याच रात्री. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या, तास आपण एकत्र बसून मोजू.